जुन्या गड्यांची बारी

जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत मिळून फुटबॉलविषयी जेवढं म्हणून बोललं गेलं असेल, त्यातलं निम्मं एकट्या माझ्या व्याह्यांनी बोललेलं आहे, आणि उरलेलं निम्मं लोकांनी त्यांना गप करण्यासाठी. आमच्याकडं गडी ओळखायचा तो कबड्डीच्या मैदानात आणि बैल ओळखायचा तो शर्यतीच्या घाटात, म्हणजे गाड्या पळवायच्या चढावर. क्रिकेट टीव्हीबरोबर आलं आणि राहिलं. फुटबॉल मात्र आमच्या भागात आला तो एका लोखंडी ट्रंकेबरोबर, माझ्या सुनेचे वडील लष्करातली ड्रायव्हरची नोकरी संपवून राजुरीला परतले तेव्हा. त्यांची बरीच वर्षं बंगालच्या बाजूला गेली होती. तिथली माणसं म्हणे मासे आणि फुटबॉल यांवरच जगतात. गावी येऊन व्याह्यांनी माळ घातली आणि मासे सोडले. फुटबॉल काही सुटला नाही. याच माणसाच्या बाबतीत भर घाटात माझ्या तोंडून एक निकाल गेलेला आहे. तो चुकीचा होता, हे मला आता लिहून ठेवायचं आहे. पण त्यासाठी आधी माणूस कळला पाहिजे.

जुने खेळाडू श्रेष्ठ, नवे म्हणजे नुसता देखावा, हे त्यांचं ठाम मत. अडचण एवढीच होती की ते कोणत्या खेळाडूविषयी बोलत आहेत, हे कुणालाच कळत नसे. परदेशी नावं त्यांच्या जिभेवर टिकत नसत, म्हणून त्यांनी सगळ्या खेळाडूंना बैलांची नावं देऊन टाकली होती. कुणी हरण्या, कुणी मोऱ्या, कुणी लाल्या. त्यात आमच्याकडं अशी पद्धत की दावणीचा लाल्या गेला की त्याच्या जागी आणलेला बैलही लाल्याच. व्याह्यांनी हीच पद्धत फुटबॉललाही लावली. त्यामुळं चैत्रात ज्या लाल्याला ते म्हातारा होऊन घरी बसवत, तोच लाल्या ज्येष्ठात गोल करताना दिसे. "लाल्यापरीस लाल्या कवाबी सरस," असं ते म्हणाले की ऐकणारा माणूस नाराजीनं मान हलवावी की आनंदानं, अशा पेचात पडे. एक नाव मात्र त्यांनी दुसऱ्या कुणाला कधी दिलं नाही. सोन्या. हा कुठल्याशा कारखान्याकडून अनवाणी खेळणारा एक सुकडा, डावखुरा बंगाली गडी. त्याला व्याह्यांनी मैदानाच्या कडेला उभं राहून पाहिलं होतं. "डावा पाय असा व्हता पावणं, की चेंडूला वाटायचं, आपन घरीच हाये." सोन्याविषयी बोलताना त्यांचा स्वतःचा डावा पाय बसल्या जागी हलत असे.

राजुरीच्या घरातला त्यांचा टीव्ही काळापांढरा होता. त्यावर दोन्ही संघांचे कपडे सारखेच राखाडी दिसत, आणि चेंडू तर मनात आलं तरच दिसे. पहिल्यांदा त्यांच्याकडं सामना पाहायला बसलो तेव्हा मी विचारलं, "यात आपले कोणते?" म्हणाले, "तुमी म्हनाल ते." मी डावीकडून उजवीकडं धावणारे आपले धरले. मध्यंतरानंतर संघ बाजू बदलतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यामुळं दुसऱ्या भागात मी पहिल्या भागातल्या वैऱ्यांसाठी टाळ्या पिटत होतो. व्याही प्रत्येक टाळीला मान डोलवत राहिले. "लई बरोबर वळखलं, पावणं." सामना संपल्यावर मी जिंकलो की हरलो तेच मला कळेना. माहेरी आलेल्या सूनबाईला राहवलं नाही. ती वडिलांना म्हणाली, "दादा, तात्यांना खरं काय ते सांगा की!" तर त्यांनी तिला नजरेनंच गप केलं. मुलीच्या बापानं मुलाच्या बापाला खोटं पाडायचं नाही, ही रीत त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की आमच्या घरी आले तर ते तहान लागली तरी पाणी मागत नसत. आमच्यापुढं जेवढं बोलणं गिळत, तेवढं सगळं ते बाकीच्या जगावर काढत.

एका श्रावणात आम्ही दोन्ही घरची माणसं भीमाशंकरला गेलो. दर्शनाच्या रांगेत पुढं कोल्हापूरचे दोघे तरुण होते आणि त्यातल्या एकाच्या अंगात फुटबॉलचा शर्ट होता. व्याह्यांनी हळूच त्या शर्टाला हात लावून पाहिला. "खेळता जनू?" एवढ्या प्रश्नावर त्या तिघांची गाडी जी सुटली, ती थांबेचना. आम्ही गाभाऱ्याशी पोचलो तेव्हा लक्षात आलं की ते तिघेही रांगेत नाहीत. दर्शन घेऊन वर आलो तर धुक्यात एका भजीवाल्याच्या ताडपत्रीखाली व्याही त्याचाच बटाटा पायात घेऊन सोन्या कसा वळायचा ते दाखवत होते. शर्टवाला हात जोडून म्हणत होता, "काका, काय खुळ्यागत बोलताय? आत्ताच्या बॅकनं तुमच्या सोन्याला उचलून गॅलरीत ठेवला असता!" भजीवाला बटाट्याकडं पाहत होता. मी विचारलं, "पावणं, दर्शन?" म्हणाले, "देव कुठं जातोय? ही मानसं आत्ता गाडीत बसतील."

त्यांच्या तोडीचा खरा विरोधक मात्र आमच्या पिंपरी पेंढारमध्येच होता. स्टँडजवळ दुकान असलेला केबलवाला, तिशीतला, बोलण्यात तिखट, आणि नव्या खेळाडूंचा कट्टर भक्त. विश्वचषक जपान-कोरियात झाला त्या वर्षी सामने आपल्याकडं भर दुपारी दिसत. व्याही लेकीला भेटायचं निमित्त करून रोज यष्टीनं येत, लेकीला अंगणातूनच "बरी हायेस ना?" विचारत, आणि तडक केबलवाल्याच्या रंगीत टीव्हीपुढं जाऊन बसत.

"काका, तुमचा सोन्या कोनत्या टीव्हीवर दिसला व्हता का? पुरावा काय?"

"मी हाये की पुरावा."

"आताच्या गड्यांचं खानं मोजून आस्तं, म्हाईत हाये का?"

"बैलाचंबी खानं मोजूनच आस्तं. म्हनून काय परत्येक बैल घाटात पळतो?"

"तुमच्या टायमाला आडवाया व्हतं कोन?"

"आडवाया? आरं, चिखल व्हता बंगालचा, गुडघाभर! तुज्या त्या मोऱ्याला सोड त्यात. बूट आदी वर येत्याल, मोऱ्या मागनं."

दुकानात जमणाऱ्यांपैकी कुणालाही फुटबॉल कळत नव्हता. तरी दोन तट पडले होतेच. ज्यांची पोरं ऐकत नव्हती ते जुन्यांच्या बाजूला, ज्यांचे बाप ऐकत नव्हते ते नव्यांच्या. मोऱ्या नक्की कोण, हरण्या अजून खेळतो की मेला, यावर लोक हमरीतुमरीवर येत. व्याही मधोमध बसून अंगाऱ्यासारखा सोन्या वाटत. माणूस इतका सुखी मी फार कमी वेळा पाहिला आहे.

आता त्या निकालाविषयी. आमच्या यात्रेत बैलगाड्यांच्या शर्यती होत, आणि घाटाचा पंच मी होतो. प्रत्येक गाडीची धाव म्हणजे एक बारी. ती घड्याळावर पाहायची, झेंडा टाकायचा आणि निकाल माईकवर सांगायचा. एकदा सांगितलेला निकाल फिरत नाही. फिरायला लागला तर संध्याकाळपर्यंत डोकी फुटतील, म्हणून ही रीत. पुढच्या वर्षीच्या यात्रेत भर उन्हात एक बैल दावं तोडून पळाला आणि बाऱ्या थांबल्या. माईकचं काम केबलवाल्याकडंच होतं. लोक कंटाळू नयेत म्हणून तो बोलायला लागला. "मंडळी, बैल घावस्तोवर येक जुना वाद मिटवून टाकू! राजुरीचं पावणं म्हनत्यात, फुटबॉलवाले जुनेच भारी. मी म्हनतो, नवे. पंच, टाका निशाण!" घाटभर शिट्ट्या झाल्या. मला तेव्हा फुटबॉलमधलं काही कळत नव्हतं आणि आजही फारसं कळत नाही. पण हातात झेंडा होता, समोर एवढी गर्दी होती. मी माईक घेतला आणि ऐटीत म्हणालो, "जुन्या गड्यांची बारी बाद! निशाण नव्यांचं!"

हशा उसळला. पोरांनी केबलवाल्याला गुलालानं माखलं. व्याही पंचांच्या ओट्याच्या खालीच उभे होते. त्यांनी टोपी काढली, झटकली, परत घातली आणि मला हात जोडून म्हणाले, "मान्य हाये." मला वाटलं, तेही गमतीत सामील झाले.

त्या दिवसापासून त्यांनी फुटबॉलविषयी अवाक्षर काढलं नाही. सामने पाहायला येत, पण दोन्ही हात गुडघ्यांमध्ये धरून बसत. "काका, बोला की," केबलवाला टोचून पाही. "इथं सोन्यानं काय केलं आसतं?" तर म्हणत, "निकाल लागलाय बाबा." हळूहळू दुकानातली गर्दी आटली. शेवटी केबलवाला स्वतःच माझ्याकडं आला. "पंच, कायतरी करा राव. येकट्यानं भांडता येत न्हाई." सूनबाई माहेराहून परत आली तेव्हा तिचाही चेहरा उतरलेला. "तात्या, दादा घरीपण गप्पच असतात. आई म्हणते, टीव्हीचा आवाज गेल्यासारखं वाटतंय." त्या माणसानं नोकरीतून ट्रंकेखेरीज जे काही कमावून आणलं होतं, ते मी एका वाक्यात काढून घेतलं होतं. आणि निकाल त्यांनी पंचाचा म्हणून मानला की मुलाच्या बापाचा म्हणून, हे मला कळेना. पंचाचा असेल तर निदान ती रीत होती. दुसरं असेल, तर ज्याला उलट बोलता येत नाही अशा माणसाला मी चारचौघांत हरवलं होतं.

मी राजुरीला गेलो. म्हणालो, "पावणं, मला त्यातलं काही कळत नाही. माझा निकाल चुकला." ते घाबरेच झाले. "आसं घरात बसून निकाल फिरवत्यात व्हय? घाटात दिला, घाटातच फिरवायचा. यिऊ द्या की यात्रा." यात्रा आली, पण शर्यतींवर बंदी आली होती. पुढच्या वर्षीही तेच. घाटात घाणेरीची झुडपं माजली. व्याह्यांना काठी लागली, मला चष्म्याचा नंबर वाढवून मिळाला. शर्यती सुरू होईपर्यंत आम्ही दोघं टिकू, याची खात्री वाटेना. म्हणून एका दुपारी मी त्यांना हाताला धरून त्या ओसाड घाटात घेऊन गेलो.

ते आपणहून ओट्याखाली त्याच जागी जाऊन उभे राहिले. मी वर चढलो. माईक नव्हता, माणसं नव्हती, उतारावर थोडी मेंढरं होती. मी ओरडलो, "जुन्या गड्यांची बारी बाद दिली, ती पंचाची चूक! निकाल रद्द!"

खालून आवाज आला, "परत सांगा. ट्रक गेला रस्त्यानं."

मी परत सांगितलं. त्यांनी हात जोडले. "मान्य हाये."

परतताना मी वाट पाहत होतो, आता सोन्या निघेल, मग निघेल. यष्टीच्या रस्त्याला लागल्यावर ते म्हणाले, "पावणं, येक बोलू का? राग न्हाई ना येनार?"

"बोला की!"

"तुमचा पयला निकाल बरोबर व्हता."

मी जागच्या जागी थांबलो.

"बोलत व्हतो तवा मी बघतच नव्हतो. यवढी वर्सं गप बसून बघितलं. आताची पोरं लई भारी हायेत. सोन्याला त्यांनी चेंडू दिसू दिला नसता."

मला एकदम राग आला. कुणाचा, ते सांगता येत नाही. "असं कसं?" मी म्हणालो. "त्यांना चिखलात खेळून दाखवा म्हणावं!"

"कशाला खेळत्याल? त्यांनी चिखल ठेवलाच न्हाई."

"आणि अनवाणी?"

"बूट मिळाला आसता, तर सोन्याबी काय अनवानी खेळला नसता."

"पण तो डावा पाय!"

"तुमी बघितला व्हता का सोन्याला?"

"मी नाही. पण तुम्ही पाहिला होता ना?"

"म्हनून तर सांगतोय! तुमाला कायबी कळत न्हाई, पावणं!"

एवढं बोलून ते स्वतःच दचकले. मग हसले. मग दोघंही रस्त्याच्या कडेला काठी आणि हात हवेत नाचवत भांडत राहिलो. राजुरीची यष्टी आली, थांबली, कंडक्टरनं आम्हाला दोन शिव्या दिल्या आणि ती निघून गेली. त्यांनी त्या दिवशी सोन्याला असा काही झोडपला की मला त्याची दया आली.

ते बोलणं खरं होतं, की माझा निकाल खोटा पडू नये म्हणून त्यांनी आपला सोन्या माझ्या हवाली केला, हे मी अनेकदा विचारायचं ठरवलं. पण प्रत्येक वेळी भांडण आधी लागे आणि विचारायचं राहून जाई. आता ते नाहीत. घरात सामना लागला आणि कुणी म्हणालं की आताच्यासारखा खेळ पूर्वी नव्हता, तर मला बसवत नाही. मी सांगायला लागतो. बंगालचा चिखल, तो सुकडा गडी, त्याचं ते वळणं.

"तात्या, तुम्ही कधी पाहिलं होतं त्याला?" सूनबाईनं एकदा विचारलं.

"पाहिलं की," मी म्हणालो.

तिनं हातातलं काम खाली ठेवलं, टीव्हीचा आवाज बारीक केला आणि माझ्यासमोर येऊन बसली. "मग सांगा," म्हणाली. "कसा वळायचा?"