अश्फाक मुलाणी यांना गायला बोलावले होते

दिनांक ९ नोव्हेंबर २०२५, रविवार. स्थळ : आष्ट्याजवळील एक मळा. वेळ : सकाळी साडेअकरा. मिरजेचे गायक अश्फाक जैनुद्दीन मुलाणी, वय सेहेचाळीस, यांना गाण्याच्या कार्यक्रमासाठी म्हणून बोलावून घेऊन, शंभर पाहुण्यांच्या देखत त्यांच्या हाती सुरी देण्यात आली व बोकड कापण्यास सांगण्यात आले. याची कोणतीही पूर्वकल्पना त्यांना देण्यात आली नव्हती. ही तक्रार मी त्यांच्या वतीने करीत नाही. त्यांनी मला तसे सांगितलेले नाही आणि कधी सांगतील असे वाटत नाही. तक्रार ज्यांच्याविरुद्ध आहे, त्यांत पहिले नाव माझे आहे.

मी सांगलीतील एका अनुदानित कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तक्रारी लिहिण्याचा मला सराव आहे. गढूळ पाणी, शेजाऱ्याने पुढे काढलेले पत्रे, परीक्षा मंडळाच्या चुकलेल्या प्रश्नपत्रिका अशा विषयांवर गेल्या वीस वर्षांत माझी पुष्कळ पत्रे छापून आली. त्या प्रत्येक पत्रात दोषी दुसराच कोणी तरी होता.

अश्फाक मूळचे वडूजचे. आपल्या भागात देवाला बोकड द्यायचा, तर घर हिंदूचे असले तरी कापायला मुलाणी लागतो. त्याने बिस्मिल्ला म्हणून सुरी फिरवल्याशिवाय कित्येक चुलींवर मटण चढत नाही. यात कोणाला काही नवल वाटत नाही. अश्फाक यांचे वडील जैनुद्दीन यांच्याकडे खटाव तालुक्यातल्या वीस-बावीस गावांच्या जत्रा होत्या. थोरल्या मुलाने आपल्यामागे हेच काम पाहावे, अशी त्यांची अपेक्षा होती. बाराव्या वर्षापासून अश्फाक जनावराचे पाय धरीत. सतराव्या वर्षी वडिलांनी सुरी पुढे केली, तेव्हा त्यांनी ती दगडावर ठेवली आणि मिळेल त्या एसटीने मिरज गाठले. सुरी पुढे धाकट्या भावाने, तारिकने, उचलली. वडूजच्या पेठेत आज त्याचे मटणाचे दुकान आहे.

मिरजेत अश्फाक यांनी तंतुवाद्यांच्या एका कारागिराकडे चार वर्षे भोपळे कोरले. तानपुरे जुळवता जुळवता कान तयार झाला. मग ऑर्केस्ट्रा, मग लग्नातले कार्यक्रम आणि ऑर्केस्ट्रा मोडल्यावर सांगली-मिरज रस्त्यावरच्या एका परमिट रूमच्या बागेत कराओके. बुधवारी व शनिवारी, संध्याकाळी सात ते नऊ.

कराओके म्हणजे मशीनने साथ वाजवायची आणि गिऱ्हाइकाने पडद्यावर वाचून गायचे, एवढेच लोकांना माहीत असते. अश्फाक यांची रीत वेगळी होती. त्यांच्याजवळ एक शंभरपानी वही असे आणि तीत प्रत्येक नेहमीच्या गिऱ्हाइकाची पट्टी लिहिलेली असे. कोणाची काळी एक, कोणाची पांढरी चार. गाणे आधी त्या माणसाच्या पट्टीत उतरवून घेत. माणूस गाऊ लागला की दुसरा माइक हनुवटीखाली धरून तेच गाणे त्याच्या आवाजाखालून हळूच गात राहत, अर्धी मात्रा पुढे राहून. ऐकणाऱ्याला ते कळत नसे. गाणाऱ्याला वाटे, आज आपला आवाज छान लागला. मला सहा वर्षे वाटत आले की मला गाता येते.

आम्ही पाच जण दर शनिवारी तेथे जात असू. आमच्यातले सुभेदार केरबा थोरात सैन्यातून निवृत्त होऊन आष्ट्याकडे उसाची शेती पाहतात. एके दिवशी इतर यायचे होते, मी लवकर पोहोचलो होतो. सहज विचारले, "अश्फाकभाई, तुम्ही मुलाणी ना? मग कधी सुरी धरली की नाही?"

"एकदाबी न्हाई, सर," ते वायर गुंडाळता गुंडाळता म्हणाले. "अब्बा त्यापायी अजून माझ्याशी धड बोलत न्हाईत. म्हणतात, पोरगं दारूच्या अड्ड्यावर गळा काढतंय. मी म्हनलं, म्हणू द्या. माइक हाय तवर सुरी न्हाई."

हे मला माहीत होते. वाचकांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

गेल्या वर्षी बाजार थंडावला. आसपासच्या कारखान्यांतल्या पाळ्या कमी झाल्या, जादा काम बंद झाले, व्यापारी उधारीला नकार देऊ लागले आणि त्यात मद्यावरचे कर वाढले. लोकांनी पिणे सोडले नाही; ते दुकानातून बाटली घेऊन घरी जाऊ लागले. बागेतली टेबले रिकामी राहू लागली. परमिट रूमचे मालक कृष्णात यांनी आधी बुधवार बंद केला. मग त्यांनी अश्फाक यांना सांगितले, शनिवारी निदान चार टेबले गाण्यासाठी म्हणून भरली, तर कार्यक्रम राहील.

अश्फाक आमच्या टेबलापाशी आले. "सर, दुसरं काय मागत न्हाई. निस्तं येत जावा. एक टेबल तुमचं धरलं तर तीनच बघायला लागतील मला."

"म्हणजे काय, येणारच," मी म्हणालो.

त्यानंतर आम्ही तेथे गेलो नाही. औषधांचे दुकान असलेल्या आमच्या मित्राने मागवलेला एक माइक आला होता. त्याच्या दांड्यातच स्पीकर बसवलेला, मोबाइलला जोडला की झाले. आम्ही त्याच्या गच्चीवर बसू लागलो. बेसूर होत होते, पण खर्च वाचत होता आणि खर्च वाचवण्यात एक शहाणपणाचे समाधान असते. दोन शनिवार गेल्यावर अश्फाक यांचा फोन आला.

"सर, आला न्हाई?"

"सध्या जरा हात आखडता घ्यावा लागतोय, अश्फाकभाई. मंदी आहे ना."

मंदीची व्याख्या मी पंचवीस वर्षे फळ्यावर लिहीत आलो आहे. माझा पगार त्या महिन्यात वाढीव महागाई भत्त्यासह जमा झाला होता. आमच्या पाचांपैकी चौघांना पगार किंवा पेन्शन आहे आणि पाचव्याचे औषधांचे दुकान आहे. मंदी आमच्यापैकी एकाच्याही दारात आली नव्हती. आम्ही ती वर्तमानपत्रातून उचलून आणली आणि अश्फाक यांच्या दारात नेऊन ठेवली.

सप्टेंबरअखेर कार्यक्रम बंद झाला. पुढे कृष्णात एकदा बाजारात भेटले, तेव्हा मी त्यांनाच जाब विचारला. ते हसले. "गाणाऱ्यापरास टीव्ही परवडतो, मास्तर. त्याला च्या लागत न्हाई. आन् तुमी तरी कवा आला होता शेवटचं?" मी विषय बदलला.

तिकडे तारिकने भावाला निरोप धाडला होता : दुकानात माणूस हवा आहे, नोव्हेंबरअखेर तू येत असलास तर ये, नाही तर दुसरा ठेवतो. अश्फाक यांची मुलगी अर्शिया मिरजेत नर्सिंग शिकते. घर चालवायचे, तर काही तरी ठरवावे लागणार होते. ते मला फोन करून म्हणाले, "सर, तुमच्या ओळखीत कुठं कार्यक्रम असंल तर बघा. महिनाभर हाय माझ्याकडं."

आणि कार्यक्रम निघाला. केरबांच्या आईने, हरणाबाईंनी, म्हसोबाला बोकड बोलला होता. मळ्यात शंभर माणसांचे जेवण होते. केरबांनी मला फोन केला.

"सर, दुपारी जरा गाणंबिणं पायजे. त्या अश्फाकला सांगा. आमचं मेव्हणं यायलेत, त्येंनी नवं लॉन काढलंय, दर रविवारी गाणारा बघायलेत. पसंत पडला तर गड्याचं काम हुईल. आन् एक मुलाणीबी बघा. आमच्या गावचा दुसरीकडं गुतलाय."

हे वाक्य मी उच्चारले, ते जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "अहो, अश्फाक मुलाणीच आहे की. एकाच माणसात दोन्ही कामं भागतील."

"आयला, डोकं हाय हां मास्तर तुमाला!" केरबा म्हणाले. मला त्या कौतुकाने बरे वाटले.

अश्फाक यांना मी फक्त गाण्याचे आणि लॉनचे सांगितले. दुसरी गोष्ट तेथे गेल्यावर आपोआप होईल, असे मी मनाशी ठरवले. सांगितले तर ते येणार नाहीत, हे मी जाणून होतो.

ते अकरा वाजता स्कूटरवरून आले. पुढे मशीन, मागे स्पीकर बांधलेला. आकाशी रंगाचा, कडक इस्त्रीचा शर्ट. "शाहजादीनं दोनदा इस्त्री फिरवली," बायकोचे नाव घेत ते हसत म्हणाले. "लॉनवालं मालक आलेत का?" मी केरबांच्या मेव्हण्यांकडे बोट दाखवले. आंब्याच्या सावलीत ते वायरी जोडू लागले. माइक तपासताना त्यांनी दोन-तीन स्वर लावले, तेव्हा जेवणाची पाने मांडणाऱ्या बायकांनी माना वर केल्या.

तेवढ्यात हरणाबाई आल्या. "आवं मुलाणी, हितं काय करतायसा? चूल पेटून कवाची बसलीया. चला, बिस्मिल्ला म्हणा आन् उरका."

अश्फाक यांना आधी ती थट्टा वाटली. "आजी, मी गायला आलोय."

"गावा की. कोण नको म्हणतंय? आदी बोकड, मग गाणं."

केरबा सुरी घेऊनच आले. "काय रं गड्या, लाजतोस व्हय? मुलाणी आन् सुरीला लाजतोय!" पाहुणे हसले. मेव्हणेही हसले. बोकडाच्या कपाळाला हळद लावून झाली होती.

अश्फाक यांनी माझ्याकडे पाहिले. ते आवाज न चढवता म्हणाले, "सर, तुमी सांगितलं होतं का यांना?"

उत्तर द्यायला मला पुरेसा वेळ होता. मी म्हणालो, "मला यातली काही कल्पना नाही."

केरबांनी माझ्याकडे चमकून पाहिले, पण पाहुण्यांच्या देखत ते गप्प राहिले. अश्फाक यांनी नकार दिला असता तर म्हाताऱ्या बाईचा नवस अडला असता आणि लॉनचे मालक पाच हातांवर उभे होते. त्यांनी सुरी घेतली, नखावर धार पाहिली आणि म्हणाले, "बोथट हाय. जनावराला तरास हुईल." मग विहिरीच्या काठावरच्या दगडावर बसून त्यांनी ती चांगली दहा मिनिटे घासली. बोकडाचे तोंड पश्चिमेकडे वळवले. ओठ हलले. काम एका हातासरशी झाले. बघणारे म्हणाले, मुलाणी तयारीचा दिसतोय. तीस वर्षांपूर्वी वडिलांचे पाहिलेले त्यांच्या हातात तसेच राहिले होते.

उजव्या बाहीवर रक्त उडाले होते. त्यांनी मोटारीच्या पाण्याखाली हात धुतले, बाही दुमडली आणि मशीनपाशी येऊन बसले. जेवणे चालू झाल्यावर केरबा म्हणाले, "हं, लाव आता एक झकास."

"आवाज बसलाय, सुभेदार. मी ट्रॅक लावतो, तुमी मंडळी म्हणा."

त्यांनी मला बोलावले. माझी पट्टी त्यांना वही न बघता माहीत होती. गाणे तिच्यात उतरवले आणि माइक माझ्या हातात दिला. दुसरा माइक त्यांनी उचलला नाही. मी एकटा गायलो. दुसऱ्या ओळीला आवाज घसरला, अंतऱ्यात फाटला आणि तरी लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण मी मास्तर होतो. अश्फाक पडद्याकडे बघत होते. दुपारभर त्यांनी ज्याला हवा त्याला ट्रॅक लावून दिला, स्वतः एक ओळ म्हटली नाही. निघताना मेव्हणे केरबांना म्हणाले, "ह्यो तर निस्ता मशीन चालिवतोय. गाणारा दुसरा बघतो."

मी तेथेच होतो. सहा वर्षे ज्याच्या आवाजावर मी गात आलो, तो माणूस गायक आहे, एवढे सांगायला एक वाक्य पुरले असते. ते मी बोललो नाही. बोललो असतो तर आज तो का गात नाही, हेही सांगावे लागले असते. अश्फाक यांनी जेवण घेतले नाही. स्पीकर बांधताना मला एवढेच म्हणाले, "येतो, सर."

डिसेंबरात मी क्षमा मागायची म्हणून वडूजला गेलो. काय बोलायचे ते एसटीत तीनदा मनाशी जुळवले होते. तारिकच्या दुकानात अश्फाक ठोकळ्यामागे उभे होते. बाकावर जैनुद्दीन बसले होते, ऐंशीच्या घरातले, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "आमचं थोरलं आलं परत. हात बघा की त्येचा, आक्षी माझा हात."

अश्फाक यांनी मला पाहिले. चेहऱ्यावर राग दिसला असता तर मला बोलता आले असते.

"या, सर. किती देऊ?"

"अर्धा किलो," मी म्हणालो. घेतले, पैसे दिले आणि परत आलो.

म्हणून जे तेथे बोलता आले नाही, ते येथे लिहून देतो : केरबा थोरात यांना ती युक्ती मी सुचवली होती, हरणाबाई निर्दोष आहेत आणि मळ्यात मी खोटे बोललो. ज्यांचे उत्पन्न माझ्यासारखेच शाबूत आहे, त्या वाचकांकडे माझी मागणी आहे. मंदीचे नाव सांगून गाणाऱ्याचे टेबल सोडू नका. एका कामाला बोलावलेल्या माणसाच्या आडनावाकडे बघून दुसरे काम काढू नका. आणि सांगली, मिरज, आष्टा, वडूज, कोठेही तुमच्याकडे बारसे, साखरपुडा, निवृत्तीचा समारंभ असेल, तर अश्फाक मुलाणी यांना बोलवा. गायला बोलवा आणि गाण्याचेच पैसे द्या.