पेटीतलं गवत

इकडे आखातात, सुलैबियातल्या एका फळांच्या कोल्ड स्टोअरमध्ये मी कामाला आहे. आलेला माल उघडून चांगला-वाईट ठरवायचं काम माझं. केनियाचे आंबे पहिल्यांदा आले, पेटी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. फळ भरदार, वास सुरेख आणि अंगभर चिकाचे काळे डाग. एकालाही देठ नाही! अरे, आंबे काढता की चिंचा झोडपता? अर्ध्याहून जास्त माल फेकला. दुसरी खेपही तशीच निघाली. मॅनेजर म्हणाला, "एक बार और देखूँगा. फिर खलास."

हा माल लहान शेतकरणींचा होता. कुणाची चार झाडं, कुणाची सहा. तो गोळा करून पाठवणारी बाई त्यांच्यातलीच एक. तिचा नंबर कागदांवर होता, मी कुणाला न विचारता फोन लावला. माझं इंग्रजी म्हणजे आनंदीआनंद, तिचंही तसंच, पण जमलं. ती म्हणाली, आम्ही फांद्या हलवतो, पडलेली फळं पोत्यात भरतो, ट्रक येईपर्यंत पोती उन्हात. निम्मी तिथेच नासतात, ती गुरांपुढे टाकतो. तुम्ही घेणं थांबवलंत तर सगळीच टाकावी लागतील. हे ती इतक्या शांतपणे सांगत होती की मला आणखीच संताप आला. वर्षभर झाड राखायचं आणि एका दुपारीत सगळं मातीत घालायचं!

मी देवगडकडचा. आंब्यातलं आम्हाला कुणी शिकवू नये, हा आमचा जन्मजात माज. मग रोज जेवणाच्या सुट्टीत व्हिडिओ कॉल. बांबूला जाळी आणि पातं बांधून झेला कसा करायचा, देठ बोटभर ठेवून फळ कसं उतरवायचं, उलटं ठेवून चीक कसा गळू द्यायचा. मी तिच्यावर ओरडायचो, ती वहीत लिहून घ्यायची आणि मला वाचून दाखवायची. माझ्या खोलीतला मालवणी सुतार हसायचा, "मेल्या, आता अख्ख्या आफ्रिकेक आंबे काढूक शिकयतलंस?"

शेवटी पेटी कशी भरायची ते सांगितलं. तळाला सुकं गवत, त्यावर आंबे, वर पुन्हा गवत. आमच्याकडे लहानपणापासून हेच पाहिलेलं.

तिसरी खेप आली तेव्हा सरकारी तपासणीला मी स्वतः गेलो. पहिली पेटी उघडली. आईशप्पथ, काय फळ होतं! प्रत्येकाला देठ, डाग औषधालाही नाही. मी आनंदाने बाजूच्या ड्रायव्हरच्या पाठीवर थाप मारली. तेवढ्यात तपासनिसाने पेनाच्या टोकाने गवत उचललं आणि विचारलं, "हे काय?"

सुकं गवत चालत नाही. त्यातून किडी येतात, बिया येतात. सगळा माल नष्ट करायचा. हा नियम आमच्या ऑफिसच्या भिंतीवर लावलेला आहे. आठ वर्षं मी त्याच्याखाली बसून चहा पितोय. दुसऱ्यांचा माल याच कारणासाठी मी परत पाठवलाय! मग तिला सांगताना माझी अक्कल कुठे शेण खायला गेली होती? आंबा म्हटल्यावर मी थेट देवगडात जाऊन बसलो, दुसरं काय.

मॅनेजरला सांगितलं, चूक त्या बायकांची नाही, माझी आहे. त्याने मान वर केली नाही. "बोला था ना, खलास." कागदावर कारण लिहिलं गेलं, पाठवणाऱ्याची पॅकिंगमधली चूक. खाली सही माझीच घेतली.

तिला फोन केला. गवतामुळे माल गेला, आणि ते गवत मीच घालायला लावलं, हे सांगितलं. पलीकडे कोंबड्यांची कलकल चालू होती. मी म्हटलं, "शिव्या दे मला." तिने विचारलं, "फळ कसं होतं?"

"एक नंबर," मी म्हटलं.

"मग झालं," ती म्हणाली. वहीची पानं उलटल्याचा आवाज आला. "पुढच्या खेपेला गवताऐवजी काय घालायचं, तेवढं सांगा."