पॅलेडियमची नळी

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. दत्ताला तर नाहीच — आणि सांगायला हवं होतं ते त्यालाच. दत्ता माझा नवरा. सोनईचा, शेतकऱ्याचा मुलगा, एक नंबरचा चेष्टेखोर.

लग्नाआधी आम्ही दोघं नागापूरच्या एमआयडीसीत एका छोट्या प्रयोगशाळेत होतो. तिथे आमची एक लाडकी नळी होती, पॅलेडियम धातूची. आत उत्प्रेरकाचे दाणे. नळी भट्टीत तापवून त्यांवरून मिथेनॉलची आणि पाण्याची वाफ सोडली की हायड्रोजन तयार व्हायचा, आणि तेवढाच धातूच्या अंगातून आरपार बाहेर यायचा. बाकीचे वायू आतच. मला अजून त्याचं नवल वाटतं. नळी जोडायचं नाजूक काम दत्ताचं. त्या हातांवरच तर मी भाळले — खोटं कशाला बोलू?

नळीची अट एकच. थंड करण्याआधी नायट्रोजन सोडून आतला हायड्रोजन हुसकून लावायचा. तो धातूत राहिला आणि नळी निवली, की ती तडकते. मला हे ठाऊक नव्हतं का? तोंडपाठ होतं.

खंडेनवमी होती. यंत्रं बंद करायची, झेंडू वाहायचा, उदबत्ती मात्र हायड्रोजनच्या धाकानं दाराबाहेर. सगळे पूजेचं ताट घेऊन खोळंबलेले, मला नवी साडी मिरवायची घाई — मी नायट्रोजन न सोडताच भट्टी बंद केली. दसऱ्यानंतर पाहिलं तर नळीला जोडापाशी तडा. बघताक्षणीच मला कळलं.

"दत्ता, नट फार आवळलास," प्रयोगशाळेचे सर म्हणाले.

तो ओशाळं हसला. "व्हय सर, माझाच हात जड हाय."

आणि मी? मिठाची गुळणी धरून उभी राहिले.

त्यानं जोडकाम सोडलं, स्टोअरमध्ये बदली मागून घेतली. घरात त्याचा विनोद झाला. बरणीचं झाकणसुद्धा माझ्याकडे देतो — "तूच लाव बाई, माझ्यानं फुटंल." मीही हसते. किती गोड माणूस आहे हो हा! आणि किती सोपं असतं, नाही का, हसणं?

परवा लेकीच्या कानातल्याची फिरकी निघाली. ती लाडानं त्याच्यापुढेच कान करून बसली. त्यानं फिरकी चिमटीत धरली, कानाजवळ नेली — आणि हात मागे घेतला.

"आईकडं जा. माझा हात लई जड हाय."

या वेळी तो हसला नाही.

मी फिरकी घेतली आणि बसवली. तेव्हाही बोलले नाही.