माझ्या वहीतले सात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, डॉक्टरला तर नाहीच. तुम्हाला सांगतोय, कारण — कारण काय, ते जाऊ दे. ऐका.

नव्वदच्या दशकात आम्ही सिंगापूरला, बिशानच्या फ्लॅटमध्ये राहायचो. मी जहाजावरचा चीफ इंजिनियर. म्हणजे होतो. डायबेटिस होताच, गोळ्या पुरेनाशा झाल्या, इन्सुलिन लागलं आणि मेडिकल तपासणीत नापास होऊन समुद्र बंद झाला. मग जहाजांच्या रिपेअर यार्डात किनाऱ्यावरची नोकरी. फ्रिजच्या दारात लोणच्याशेजारी इन्सुलिनची बाटली, आणि डॉक्टरांनी दिलेली एक वही. रोज चार वेळा बोट टोचायचं, मशीनला रक्ताचा थेंब द्यायचा, येईल तो आकडा लिहायचा. तिथल्या मापात सात म्हणजे झकास, बारा-चौदा म्हणजे बोंब, आणि चारच्या खाली गेला तर माणूस कोसळायचा धोका.

इंजिनरूममध्येही दर पाळीला लॉग भरायचा असतो — तापमान, दाब, सगळं. त्या उकाड्यात प्रत्येक मीटरपर्यंत चढून जायचा कंटाळा आला की काही जण बसल्या जागी आकडे भरतात. मीही भरलेत. खोटा लॉग कसा पकडतात, ठाऊक आहे? आकडे फार गोंडस असतात. म्हणून वहीत मी एकदा सात लिहायचो, मग साडेसात, मग सहा पॉइंट आठ — आणि आठवड्यातून एकदा मुद्दाम अकरा. पेनसुद्धा बदलायचो. काय ती हुशारी!

खरा आकडा किती असायचा? मला काय माहीत? मी बोट टोचतच नव्हतो. यार्डाजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांत, सकाळी साखर भुरभुरलेला प्राटा — तिथला पराठा — आणि कंडेन्स्ड मिल्कची कॉफी हाणल्यावर बघायची छातीच व्हायची नाही. दर तीन महिन्यांनी डॉक्टर रक्त तपासायचे, तेव्हा ते रक्त वहीपेक्षा भलतंच सांगायचं. डॉक्टरांनी मशीनला दोष दिला. मी मान डोलावली आणि नवं मशीन घेऊन घरी आलो.

इथवर नुकसान माझं एकट्याचं होतं. मग शैलाला — माझ्या बायकोला — डायबेटिस निघाला, आणि दोनेक वर्षांत तिलाही इन्सुलिन लागलं. सुई नुसती बघून दचकणारी बाई. पहिल्या दिवशी डोळे मिटून तिनं पोटात टोचून घेतलं, आणि पुढे एक वेळ चुकवली असेल तर शपथ. तिची वही मी चोरून बघायचो. बारा. चौदा. नऊ. तेरा. मधेच कागदावर बोटाच्या रक्ताचा पुसट डाग. जे आलं ते लिहायची. माणूस रोज, दिवसातून चार वेळा, इतकं खरं कसं वागू शकतं? मला ते अजूनही उमगलेलं नाही.

दोन्ही वह्या ती शेजारी शेजारी उघडायची. तुमचे सात, माझे चौदा, म्हणजे माझंच काहीतरी चुकतंय, म्हणायची. वर शाळेतून आलेली लेक तिथल्या सिंगापुरी इंग्रजीत — "पपा सो गुड. मम्मी, यू फॉलो पपा लाह." आणि मी? मी पेपर वाचत होतो.

तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोललो.

तिनं जेवण कमी केलं. दोन पोळ्यांची एक झाली, मग अर्धी. भात बंद. मला दिसत होतं हो सगळं. इन्सुलिन मात्र तेवढंच. एका शनिवारी दुपारी मी घरी आलो, तर ती स्वयंपाकघरात फरशीवर बसलेली, घामानं निथळत, हात लटलट कापताहेत. मला दादा म्हणाली — तिच्या भावाला म्हणते तसं. आईला बोलाव म्हणाली. तिची आई जाऊन नऊ वर्षं झाली होती. मशीनवर आकडा आला दोन पॉइंट एक. गिळता येत होतं, म्हणून साखरेचं पाणी घोट घोट पाजत बसलो.

आणि मग जे पाहिलं — कसं सांगू? आधी डोळे परत आले. मग घाम थांबला. मग तिनं माझ्याकडे बघितलं, मला ओळखलं, आणि सवयीनं केस सारखे केले. भर समुद्रात बंद पडलेली, घराएवढी इंजिनं मी सुरू केलीयत, पण असं काही पाहिलं नव्हतं. तीन चमचे साखर! एवढ्याशावर माणूस जातं आणि एवढ्याशावर परत येतं? मी तिच्यासमोर फरशीवर बसून लहान पोरासारखा रडलो.

तर ती मलाच समजावत होती. "अहो, तुमच्यासारखे आकडे यावेत म्हणून जरा कमी खाल्लं. एवढंच."

त्या क्षणी सांगता आलं असतं. मी भांडं विसळायला उठलो.

दुसऱ्या दिवसापासून मात्र खरंच बोट टोचायला लागलो. पहिला आकडा अठरा. लिहिला. वाटलं, आता ती विचारेल, आणि विचारलं की सांगून टाकू. तिनं वही पाहिली. मग माझ्या पाठीवर हात ठेवला.

"माझ्या धसक्यानं तुमची शुगर वाढली. मी असं करायला नको होतं."

आजही घरी कुणी शुगरचा विषय काढला की ती हेच सांगते — ह्यांचं किती छान चाललं होतं, माझ्यामुळे बिघडलं. मी शेजारीच बसलेला असतो, आणि तिला तसं म्हणू देतो.