मामाची ओळ

शेवंतीला कोणी "आता आराम कर" म्हटलं की तिचं टाळकं सणकायचं. आराम म्हणजे काय, तर दुपारभर मालिका बघायच्या आणि संध्याकाळी शेजारणीच्या गुडघ्यांची चौकशी करायची. ते तिच्याच्याने होणारं नव्हतं. ठाण्याच्या कोळीवाड्यातली ही बाई लहानपणी आईच्या पाटीशेजारी बसून मासळी विकायला शिकली, मॅट्रिक झाल्यावर टायपिंग शिकली आणि पुढचं उभं आयुष्य तिने डोंबिवलीच्या एका छापखान्यात लग्नपत्रिका जुळवण्यात घालवलं. मग मालक वारले. मुलांनी छापखाना मोडला आणि गाळा एका केकवाल्याला दिला. ज्या कोपऱ्यात शेवंतीने अर्ध्या ठाणे जिल्ह्याची लग्नं लावली, तिथे आता काचेच्या कपाटात गुलाबी केक बसतात.

मुलगी प्राप्ती माजिवड्याला एका कंपनीत आहे. तिला ऑफिसने नवा लॅपटॉप दिला, तेव्हा तिने आपला जुना आईपुढे ठेवला. पाठीवर सफरचंदाचं चित्र असलेला.

"घे. सिनेमे बघ, भजनं ऐक."

"यात पत्रिका होतील का?" शेवंतीने विचारलं.

"होतील की. लिहायचं, हिशेबाचं, सगळं यात आधीपासूनच असतं. वेगळं काही घ्यायला लागत नाही. पण आई, आता कशाला? आराम—"

"प्राप्ती, तो शब्द पुन्हा काढलास तर लॅपटॉप खाडीत टाकीन."

छापखान्यातल्या जुन्या मशीनवर शेवंतीची बोटं डोळे मिटून चालत. इथे मराठी अक्षरांच्या जागा वेगळ्या. पहिले काही दिवस तिने त्या यंत्राला जे ऐकवलं ते छापण्यासारखं नाही. पण सरावल्यावर तिला ते आवडायला लागलं. चित्र उचललं की मजकूर गुमान बाजूला सरकायचा. नावांचे दोन रकाने सरळ उभे राहायचे. आणि अक्षर इतकं रेखीव, की मालक असते तर चष्मा काढून पुसला असता.

पहिलं काम शेजारच्या गुणाजीचं आलं. गुणाजीची मच्छीची बोट, आवाज बोटीवरचाच, आणि पोरीचं लग्न.

"शेवंते, रसिकाची पत्रिका तूच करायची गो! पण नावं सगली आली पाह्यजेत. एक जरी सुटलं तर मना गावात तोंड दाखवायला जागा नाय."

यात अतिशयोक्ती नव्हती. त्यांच्याकडे पत्रिका ही काही नुसती तारीख-वेळ सांगायला नसते. ती सबंध भावकीची हजेरी असते. आजोबा, पणजोबा, चुलते, चुलत चुलते, जावई, व्याही, आणि तळाला बालगोपाळ. कुणाचं नाव कुणाच्या खाली आलं यावरून माणसं तीन-तीन वर्षं बोलत नाहीत. आणि शेवंतीला पक्कं ठाऊक होतं, की ही पत्रिका साधली तर कोळीवाड्यातली पुढची सगळी लग्नं तिच्या दारात येतील. फसली, तर उरलेलं आयुष्य गुडघ्यांची चौकशी.

छपाईला तिने उत्तमला गाठलं. हा तिचा छापखान्यातला जुना सहकारी, आता विठ्ठलवाडीला स्वतःचं मशीन टाकून बसलेला.

"शेवंतीताई, कशात केलंय?"

"लॅपटॉपमध्ये जे होतं त्यातच."

"अहो, ते सफरचंदवालं माझ्याकडे उघडत पण नाही! अख्खी दुनिया वर्डवर चालते. ते घ्या. दरवर्षी पैसे भरायचे, की टेन्शन नाही."

"म्हणजे भाड्याने घ्यायचं? माझं माझ्या घरात लिहायला मी भाडं भरू?"

"मग माझ्यासारखं दुसऱ्याकडून जुगाड करून टाकून घ्या."

"चोरीचा माल लग्नकार्यात नको," शेवंती म्हणाली आणि फोन ठेवला.

प्राप्तीने तिसराच मार्ग सुचवला. "आई, नेटवर लिहायचं. फुकट. वर सगळ्यांना लिंक पाठवली की ज्याला जे नाव घालायचंय तो स्वतः घालेल. तुला फोन घेत बसायला नको. आमच्या ऑफिसमध्ये सगळे असंच करतात."

ऐकायला झकास. शेवंतीने पत्रिका नेटवर चढवली आणि गुणाजीच्या घरच्या ग्रुपवर लिंक टाकून ती निवांत जेवायला बसली. ऑफिसमधल्या लोकांना पगार एका ठिकाणाहून मिळतो, म्हणून ते एकमेकांच्या लिखाणात जपून हात घालतात. भावकीला असलं काही बंधन नसतं. दुपारी बघते तो काय, धाकट्या चुलत्याने स्वतःला थोरल्याच्या वर नेऊन बसवलेलं. थोरल्याने त्याला उचलून बालगोपाळांत टाकलेलं. एकाने बोटीचं नाव घातलेलं, निवडणुकीला उभं राहायच्या विचारात असलेल्या एका भाच्याने स्वतःच्या नावाआधी 'लोकप्रिय' लावलेलं. नवऱ्या मुलाचं नाव या धुमश्चक्रीत कुठे गेलं, देव जाणे.

गुणाजी धावत आला. "शेवंते, बंद कर तो नळ!"

तिने लिंक बंद केली, गुणाजीला समोर बसवून नावं जुळवली आणि पत्रिका पुन्हा लॅपटॉपमधल्याच प्रोग्रॅममध्ये नीट मांडली. वर एकवीरा आई, मध्ये वधूवर, दोन बाजूंना भावकी आणि अगदी तळाला, वेलबुट्टीच्या चौकटीत, एकट्याची मानाची ओळ. वधूचे मामा, परशुराम. पायथ्याला दगड असावा तशी.

"आता छापायला धाड," गुणाजी म्हणाला.

उत्तमचा हेका कायम. "वर्डमध्येच पाठवा ताई. गुणाजीशेठ शेवटच्या क्षणाला काहीतरी बदलणारच. मला इथल्या इथे करता आलं पाहिजे."

हेही खोटं नव्हतं. लॅपटॉपमध्ये सोय होती. एक बटण दाबलं की त्याच पत्रिकेची वर्डची फाइल तयार. शेवंतीने ती पाठवली. उत्तमने छापायच्या आधी फोनवर फोटो पाठवला. शेवंती तेव्हा गुणाजीच्या घरी पापड लाटायला बसली होती, हात पिठाचे. तिने कोपराने फोन सरकवला, वरची देवी बघितली, रसिकाचं नाव बघितलं, तारीख बघितली. "कर," म्हणाली.

जुने मालक असते तर त्यांनी पट्टीच मारली असती. ते म्हणायचे, प्रूफ नेहमी खालून वर वाचायचं. वरून वाचताना माणूस वाचत नाही, नुसता आनंदात असतो.

पत्रिका छापून आल्या. रिवाजाप्रमाणे पहिली एकवीरेपुढे ठेवली, आणि दुसरी, अक्षता लावून, मामाच्या घरी. गुणाजी आणि त्याची बायको खडवलीला गेले. परशुराम रसिकाच्या आईचा सख्खा भाऊ. पाटावर बसून त्याने टोपी सरळ केली, पत्रिका उघडली, बोट लावत लावत खालपर्यंत वाचली. मग घडी घातली.

"पत्रिका झ्याक हाय दाजी," तो म्हणाला. "कोनाच्या भाचीचा लगीन हाय?"

खाली वेलबुट्टीची चौकट नव्हती. मामाही नव्हता.

गुणाजी परत आला तो थेट शेवंतीच्या दारात. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. ओट्यावर बसून एवढंच म्हणाला, "तो येनार नाय सांगतंय. मामाशिवाय पोर मांडवात कशी उतरवू?" शेजारच्या घरातून रसिकाच्या आईचं रडणं ऐकू येत होतं.

शेवंतीने लॅपटॉप उघडला. मामा होता. जिथे ठेवला तिथे, चौकटीसकट. मग छापलेल्या कागदावरून गेला कुठे?

सकाळी उठून ती एकटीच खडवलीला गेली, लॅपटॉप पिशवीत घालून. परशुराम अंगणात विड्या वळत बसला होता.

"परशुरामभाऊ, चूक माझी. पण नाव सुटलेलं नाही. हे बघा." तिने पडदा त्याच्याकडे वळवला.

परशुरामने चौकटीवर बोट ठेवून आपलं नाव वाचलं. "चांगला लिवलंय."

"मग?"

"मंग काय? हितं हाय, तितं नाय. लग्नाला मी काय या डब्यात बसून येऊ?"

शेवंती चहा न घेता उठली. तो विचारलाही नव्हता म्हणा.

तिथून ती विठ्ठलवाडीला उतरली आणि उत्तमच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "मी पाठवलेली फाइल उघड. माझ्यासमोर."

फाइल उघडली, आणि मामा शोधण्याच्या नादात छापील कागदावर नजरेतून सुटलेलं आता शेवंतीला दिसलं. तिचं रेखीव अक्षर गायब. त्याजागी भलतंच जाडगेलं अक्षर.

"तुम्ही वापरलेला फॉन्ट माझ्याकडे नाहीच," उत्तम म्हणाला. "मग हे आपलं जवळचं कुठलंतरी घेतं."

जाड अक्षराने जागा जास्त खाल्ली. नावं पसरली, ओळी खाली ढकलल्या गेल्या, आणि ढकलता ढकलता शेवटचा, बिचारा परशुराममामा, कडेवरून घसरला. उत्तमने खाली सरकवलं. दुसऱ्या पानावर, कोऱ्या पांढऱ्या कागदाच्या डोक्यावर, वेलबुट्टीच्या चौकटीत मामा एकटा बसला होता.

"आयला," उत्तम म्हणाला. "पत्रिका एका पानाची असते, म्हणून मी पहिलंच पान घेतलं."

"आणि मी वरचंच वाचलं. दोघांनी मिळून त्याला बाहेर काढला."

"म्हणून सांगत होतो, वर्ड घ्या."

"घेतलं असतं तरी तुझ्याकडे माझा फॉन्ट कुठून आला असता?"

उत्तमने डोकं खाजवलं. हे खरं होतं.

शेवंती त्या दुसऱ्या पानाकडे बघत राहिली. एकाएकी तिला आईची विळी आठवली. बाजारात प्रत्येक कोळीण आपली विळी घेऊन बसते. कुणाची जुनी, कुणाची पातळ, हाताला बसलेली. गिऱ्हाईक कधी म्हणत नाही, की विळी बघू. त्याला कापलेला मासा हवा असतो. आणि आपण उत्तमला विळीच पाठवली होती.

"उत्तम, पीडीएफ छापतोस ना?"

"तेच तर छापतो. बाहेरची कामं सगळी पीडीएफच येतात. पानाचा फोटोच समजा. अक्षर हलत नाही. पण त्यात मला बदल करता येत नाही."

"तेच पाहिजे. बदल मी करीन, माझ्या घरी, माझ्या विळीवर. तू फक्त छापायचं."

"आणि गुणाजीशेठचं शेवटच्या क्षणाचं?"

"ते माझ्या ओट्यावर येऊन बसतील. तुझ्याकडे येणार नाहीत. तुला त्रास आहे का काही?"

उत्तम हसला. पण छापलेल्या गठ्ठ्याचं काय? सगळं रद्दीत घालायचं तर कागदही गेला आणि वेळही. शेवंतीने पुन्हा त्या कोऱ्या पानावरच्या एकट्या मामाकडे बघितलं. मोठा देखणा दिसत होता. गर्दीतून बाहेर पडलेला.

"याला त्याचं पान देऊया," ती म्हणाली.

तिथेच, स्टुलावर लॅपटॉप मांडीवर घेऊन, तिने ते केलं. हळदीच्या रंगाचं छोटं पान, पत्रिकेच्या आत सरकेल एवढं. वर वेलबुट्टी, मध्ये ठसठशीत अक्षरात मामाचं नाव, आणि खाली, 'माझ्या भाचीला मी मांडवात आणणार आहे. बघायला या.' सगळ्या भावकीत कुणालाच मिळालं नाही असं, अख्खं पान. पीडीएफ केली. उत्तमच्या पडद्यावर उघडली, तेव्हा वेलीचं पानसुद्धा हललं नव्हतं. छापलेला पहिला कागद तिने खालून वर वाचला. मग पुन्हा एकदा.

ओल्या शाईचं ते पान घेऊन, गुणाजीला स्टेशनावर बोलावून, ती त्याच्याबरोबर परत खडवलीला गेली. परशुरामने चष्मा लावला. वाचलं. बायकोला हाक मारली आणि तिला वाचून दाखवलं. मग शेजाऱ्याला बोलावलं.

"यांचे भावकीचे सगल्यांना मिलून एक पान," तो शेजाऱ्याला म्हणाला. "माना एकट्याला एक."

या वेळी चहा आला. भाकरीही आली.

रसिका मामाचा हात धरून मांडवात आली. परशुराम इतका ताठ चालत होता, की नवरा कोण ते नवीन माणसाला कळलं नसतं. जेवणावळीत कोळीवाड्यातल्या दोन बायकांनी शेवंतीला वेगवेगळं गाठून एकच विचारलं. आमच्याकडेही ते मामाचं पान पाहिजे, होईल ना? प्राप्ती शेजारी उभी राहून ऐकत होती. आराम हा शब्द तिच्या ओठांपर्यंत आला होता, तो तिने गिळला आणि म्हणाली, "आई, तुला ते वर्ड घेऊन देऊ का? भाडं मी भरते."

"तुझ्या ऑफिसात बसायला लागले की घेईन. जिथे दहा जणांना एकाच कागदात हात घालायचा असतो, तिथे ते बरोबर. माझ्या कामात एकाच बाईचा हात पाहिजे."

एवढ्यात परशुराम आला. खिशातून चार घड्या घातलेला कागद काढून त्याने शेवंतीच्या हातात दिला.

"माझ्या पोराचा पन ठरलंय. नावं लिवून आनलीत. सगली घाल. आनि दाजीचं नाव," त्याने लांब पंगतीत वाढत असलेल्या गुणाजीकडे हनुवटी केली, "अगदी शेवटच्या ओळीत टाक. बघू या, राहते का!"

शेवंतीने कागद उलगडला आणि खालून वर वाचायला सुरुवात केली.

"राहील," ती म्हणाली.