दवंडी सिस्टरचं प्रशिक्षण

आमच्या दवाखान्यात सिस्टर चार-पाच आहेत, पण नुसतं "सिस्टर" म्हटलं की सगळ्यांच्या डोळ्यांसमोर एकच बाई येते, इंजेक्शनच्या खोलीतली. तिला आम्ही दवंडी म्हणतो. पाठीमागे म्हणतो तसं तोंडावरही म्हणतो, कारण तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नाही. या भागातल्या निम्म्या पोरांना पहिली लस तिनेच टोचली आहे. कुणाचं पोर अभ्यासात मागे पडलं, कुणाच्या घरात नवरा-बायकोचा अबोला चाललाय, सगळं तिला आधी कळतं, आणि तिला कळलं की संध्याकाळपर्यंत अख्ख्या रस्त्याला कळतं. मनात पाप नाही हो तिच्या. पोटात काही राहत नाही, एवढंच.

मी तिच्या खोलीसमोरच्या औषधांच्या खिडकीत बसते, म्हणून ती मला खिडकीच म्हणते. वयाने ती मोठी, मी तिला ताई म्हणते. घरंही शेजारी शेजारी, मधे एक भिंत, आणि ताईच्या आवाजापुढे ती भिंत असून नसल्यासारखी. माझी मुलगी तिला मावशी म्हणत लहानाची मोठी झाली. आमच्यात लपवाछपवी अशी नव्हतीच. माझ्या घरातलं सगळं तिला माहीत, आणि तिच्या कृपेने बाकी सगळ्यांच्या घरातलं मला माहीत. मजा यायची, खोटं कशाला बोलू.

तर एक दिवस मोठ्या डॉक्टरांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, की आपल्याकडे तरुण मुलांच्या मनाच्या आरोग्याचा नवा कार्यक्रम सुरू होतोय. मागची सामानाची खोली रिकामी करायची, तिला बाहेरून वेगळं दार पाडायचं. झोप उडालेली, जेवण सुटलेली, स्वतःवरच राग काढणारी पोरं तिथे येतील आणि बोलतील. त्याआधी एक मॅडम येऊन आपल्या सगळ्यांना तयार करणार, आणि शेवटी त्या खोलीसाठी एक डॉक्टर आणि एक नर्स निवडणार.

मीटिंग संपवून मी जागेवर येते न येते तोच ताई माझ्या खिडकीवर हजर. डोळे असे चमकत होते की मला वाटलं हिला लॉटरी लागली.

"खिडकी, ती खोली मला पाहिजे."

"तुला? तिथे गुपितं सांगायची असतात, ताई."

"थट्टा नको करू. अगं, पोरं लहान असतात तोवर माझ्याकडे येतात. लसी संपल्या की येणंच बंद. मग एकदम कधीतरी दिसतात ती हातावर ब्लेड मारून घेतलेली, पट्टी बांधायला. मधल्या वर्षांत कुठे जातात ती? कुणाकडे बोलतात?" तिचा आवाज कापला. मग लगेच म्हणाली, "भिंतींना रंग कुठला चांगला दिसेल? आपला दवाखान्याचा हिरवा नको बाई. तो बघितला की माणूस आपोआप आजारी पडतो."

रंग तिनेच निवडला. खुर्च्यांसाठी स्टोअरवाल्याशी भांडली, समोरासमोर टेबल नको म्हणून अडून बसली. नव्या दाराला बिजागऱ्या बसवत होते तेव्हा सुताराच्या डोक्यावर उभी होती. दार करकरलं तर पोर आल्या पावली परत जाईल, असं तिचं म्हणणं. सुतार वैतागून म्हणाला, "सिस्टर, तुम्हीच बसवा." पण दार शेवटी करकरलं नाही.

मॅडम आल्या. वयाने ताईच्या मुलीएवढ्या, आवाज इतका हळू की पहिल्या दिवशी मागच्या रांगेला काही ऐकूच गेलं नाही. पण बाई पक्की होती. तिचं सांगणं मोजकं. आधी ऐका, मागितल्याशिवाय सल्ला देऊ नका, समोरचा गप्प झाला तर तुम्हीही गप्प बसायला घाबरू नका. खोलीतलं खोलीतच ठेवा. जिवाला धोका असेल तरच घरच्यांना सांगायचं, आणि तेही त्या मुलाला तसं सांगूनच.

ऐकायला सोपं वाटतं. करायला गेल्यावर एकेकाची भंबेरी उडाली. आमचे धाकटे डॉक्टर तर समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत चिठ्ठी लिहायला लागले. मॅडमनी त्यांचं पेनच काढून घेतलं.

मग ताईची पाळी. आमच्याकडे एक ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स, आहे, दिवसभरात त्याच्या तोंडून चार शब्द पडले तर पडले. सरावासाठी तो बोलायला आलेला पोरगा झाला आणि खाली बघत म्हणाला, "मला काहीच करावंसं वाटत नाही."

ताईने तात्काळ त्याची नाडी धरली. "जेवतोस का नीट? मोबाइल बघत जागत असशील. चष्म्याचा नंबर वाढलाय का? थांब, तू त्या कोपऱ्यावरच्या टेलरचा ना?" आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवत, अगदी मायेने, "काळजी नको करू राजा, मी आजच्या आज तुझ्या आईशी बोलते."

आम्ही पोट धरधरून हसलो. ब्रदर मात्र उठला, दार उघडलं आणि बाहेर निघून गेला. मॅडम हळूच म्हणाल्या, "सिस्टर, हा आता परत येणार नाही."

ताईचा चेहरा पांढराफटक पडला. तिच्या मते तिने जगातलं सगळ्यात धीराचं वाक्य उच्चारलं होतं. इतकी वर्षं लस टोचताना रडणाऱ्या पोरांना ती हेच म्हणत आली, आई इथेच आहे, आईला बोलावते. या पोरांना नेमकी त्याचीच भीती असेल, हे तिच्या गावीही नव्हतं.

त्या दिवसापासून बाईने कंबर कसली. वेड्यासारखा सराव चालला. नवऱ्याला समोर बसवून ती गप्प बसून ऐकायची. तो बिचारा दुसऱ्या दिवशी मला जिन्यात गाठून विचारतो, "माझं काही चुकलंय का? ही बोलत नाहीये." मग त्याचीच भीड चेपली आणि त्याने लग्नापासूनच्या तक्रारी काढल्या. ताईने त्या निमूटपणे ऐकल्या म्हणे. मला खरं वाटत नाही, पण तो तसं सांगतो. मला मात्र रस्त्यातल्या बातम्या मिळेनाशा झाल्या. "सराव चाललाय," म्हणायची आणि ओठ मिटून घ्यायची. मला वाटलं, चार दिवसांचं नाटक आहे.

वर्गात ती सुधारत होती, पण सगळ्यांना दिसत होतं की खोली ब्रदरला जाणार. तो जन्मजातच गप्प. ताईलाही दिसत होतं. डबा खाता खाता एकदा म्हणाली, "त्याला मिळाली तरी चालेल गं, पोरगा चांगला आहे." आणि डबा अर्धाच ठेवून उठली. हिचा डबा अर्धा राहिलेला मी त्याआधी कधी बघितला नव्हता.

शेवटच्या सरावाला मॅडमनी कॉलेजमधली मुलं बोलावली. प्रत्येकाला एक खोटी अडचण ठरवून दिलेली, तिचं नाटक करायचं. त्यात माझी मुलगी हौसेने गेली. मॅडमनी तिला मुद्दाम ताईकडे पाठवलं. म्हणाल्या, इथे सगळी ओळखीचीच मुलं येणार, तेव्हा ओळखीचं मूल समोर बसल्यावर काय होतं तेच मला बघायचंय. माझ्या मुलीला अडचण दिली होती परीक्षेच्या भीतीची. मी म्हटलं, छान, हिला नाटक करायची गरजच नाही.

बाकीची मुलं खिदळत बाहेर आली. माझी येईना. मॅडम थोडा वेळ आत बसून दुसऱ्या खोलीत गेल्या, तरी हिचं संपेना. शेवटी आली ती डोळे सुजवून, नाक लाल करून. पण चालणं हलकं होतं, डोक्यावरचं काही उतरवून ठेवल्यासारखं. "आई, मी घरी जाते," म्हणाली आणि गेली. मागून ताई आली.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"सराव झाला."

"रडत होती ती."

"हो."

"काय म्हणाली?"

"ते नाही सांगणार."

मी हसले. मला वाटलं, फिरकी घेतेय. पण ती हसेना, तेव्हा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "ताई, ती माझी मुलगी आहे."

"माहितेय. जिवाला धोका असता तर तिला सांगून मी तुझ्याकडे आले असते. तसं काही नाही, शपथ. बाकीचं तिचं आहे."

"साऱ्या जगाचं मला सांगत आलीस, आणि माझ्याच घरातलं सांगायला दातखीळ बसली तुझी? बोलणं टाकीन मी."

तिच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ओठ हलत होते. सांगायला तिचा जीव किती तळमळत होता, ते मला दिसत होतं. मी ओळखत नाही का तिला? पण ती वळली आणि इंजेक्शनच्या खोलीत जाऊन ट्रे पुसायला लागली. स्वच्छ ट्रे पुसत होती.

मी तरातरा मॅडमकडे गेले. त्या निवडीचा कागद समोर घेऊन बसल्या होत्या. मी म्हटलं, "या बाईला त्या खोलीत अजिबात बसवू नका. माझ्या पोटच्या पोरीने काय सांगितलं, ते ती मला सांगत नाही. विनवून झालं, भांडून झालं. मला, सख्ख्या आईला, सांगत नाही."

मॅडमनी मान वर केली. "सिस्टरनी नाही सांगितलं? तुम्हाला?"

"नाही म्हणते ना."

म्हणताना माझं मलाच ऐकू आलं मी काय बोलतेय ते. मॅडमच्या चेहऱ्यावर हसू पसरत गेलं. "खोलीत त्या छान बसल्या, ते मी पाहिलं," त्या म्हणाल्या. "खोलीबाहेरचीच मला धास्ती होती. मी ब्रदरचं नाव लिहिणार होते."

झालं. तक्रार करायला गेले आणि शिफारस करून आले. परतताना काय वाटलं म्हणून सांगू, राग होता, हसूही येत होतं, आणि एकच प्रश्न सुटत नव्हता. इतकं काय होतं पोरीच्या मनात, जे मला सांगता आलं नाही?

निवड कळल्यावर ताईने सिरिंजचा खोका हातात असतानाच उडी मारली, या वयात. ब्रदरने तिचे दोन्ही हात धरून अभिनंदन केलं, चक्क दोन वाक्यांत. मग ती माझ्या खिडकीपाशी आली आणि नुसती उभी राहिली. मी म्हटलं, "काय बघतेस? पेढा नाहीये माझ्याकडे, खोकल्याची गोळी आहे, ती घे." तिने घेतली, आणि आमचं बोलणं सुरू झालं.

मुलीला मी काही विचारलं नाही. जीभ चावून चावून राहिले, पण नाही विचारलं.

खोली सुरू झाली त्या दिवशी दवाखान्यात नुसती धांदल. ताई पहाटेच येऊन खुर्च्या पुसून बसलेली. सकाळ गेली, कुणीच आलं नाही. दर थोड्या वेळाने ती माझ्याकडे येऊन "येतील ना गं?" विचारायची, आणि मी "येतील की" म्हणायचे. माझ्या पाठीमागे एक जाळी आहे, तिच्यातून ते नवं दार दिसतं. दुपारी सहज वळून पाहिलं तर दारापाशी कुणीतरी उभं होतं. पहिलंच पोर.

माझी मुलगी होती. या वेळी कुणी पाठवलेली नव्हती, नाटक नव्हतं. तिने मला जाळीतून पाहिलं आणि तिथेच थबकली, दारावरचा हात तिने मागे घेतला.

एक शब्द मी बोलले असते तर ती घरी गेली असती. माझ्याऐवजी ती तिथे आली याचं वाईट वाटलं, आणि तरी खरं सांगते, आनंद त्याहून जास्त होता. मी तिला मान हलवून "जा" म्हटलं, जाळीचा पडदा ओढून घेतला आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी हातात घेतली.