पानमळ्यामागची खिडकी

आमच्या पानमळ्यात कोणी चपला घालून जात नाही. आंघोळीशिवाय जात नाही, आणि बायका त्या चार दिवसांत जात नाहीत. वेल नासते, असं घरात सगळे मानतात. म्हणून दादाच्या दोन मित्रांपैकी एक जण बूट घालून सरळ वेलींच्या रांगेत शिरला, तेव्हा काका हातातली करंडी टाकून ओरडले, "ए! पानवेल हाय ती, स्टेशनचा फलाट नाय!"

दादा म्हणजे काकांचा एकुलता मुलगा, माझ्याहून चार वर्षांनी मोठा. पापडी गावाच्या बाजूला आमची दोन घरं एकाच अंगणात आहेत. मित्र आपल्या कारखान्यातले आहेत, असं त्याने सांगितलं. मळ्यापलीकडच्या पंपाच्या खोलीत ते काही दिवस राहणार होते.

पुढचे तीन दिवस घरात बुटांशिवाय दुसरा विषय नव्हता. काकीने मळ्यात गोमूत्र शिंपडलं. दोन पानं पिवळी निघाली तर काका म्हणाले, "बघा, झालं सुरू." दोन धडधाकट माणसं पंखासुद्धा नसलेल्या खोलीत कशासाठी राहतात, हे मात्र कोणी विचारलं नाही. मला ते खटकलं होतं. मीही विचारलं नाही.

मी तशी कमी बोलते. इंग्रजी शाळेत गेल्यामुळे घरातले सगळे फॉर्म मीच भरते, पण दुकानात जाऊन दोन वस्तू मागायच्या तर मी दारातूनच परत येते. लहानपणी हे काम दादा करायचा. शाळेबाहेर वडापाववाल्याला तोच सांगायचा, "आमच्या मॅडमना एक, चटणी कमी." मला चिडवायचा, पण दुसऱ्या कोणी चिडवलं तर त्याच्या अंगावर जायचा. त्याच्याबद्दल वाईट विचार करायची मला सवयच नव्हती.

नाताळात समोरच्या ख्रिस्ती शेजाऱ्यांकडून आमच्याकडे दरवर्षी ताट येतं, दिवाळीत आमचं फराळाचं ताट त्यांच्याकडे जातं. त्या वर्षी ताट घेऊन आलेल्या समोरच्या मावशींना दादाने दारातूनच परत पाठवलं. म्हणाला, "आमच्याकडे नको आता." मावशींना वाटलं मस्करी करतोय. त्या हसल्या, मग हसायच्या थांबल्या. काकीने संध्याकाळी जाऊन सांगितलं, "पोट बिघडलंय त्याचं, म्हणून चिडचिड करतो." तेवढ्यावर विषय मिटला.

मग तो जेवताना बोलायला लागला. आपले लोक झोपलेत, त्यांना जागं करायला आवाज लागतो, वगैरे. काका म्हणायचे, "आधी सकाळी तू जागा हो." आम्ही हसायचो. तो हसायचा नाही. रविवारी कुठल्या तरी शिबिराला जायचा, परत आला की तळहातांना फोड असायचे.

एप्रिलमध्ये त्याने माझ्या आधार कार्डाची प्रत मागितली.

"कशाला?"

"सिम घ्यायचंय. माझ्या नावावर आता मिळत नाही."

"का नाही मिळत?"

"अगं मॅडम, वकील झालीस का? नको तर नको देऊस."

मी दिली. सिमच्या दुकानात जाऊन अंगठाही लावून आले.

मे महिन्यातली ती दुपार. मित्र अजून पंपाच्या खोलीतच होते. माझे चार दिवस चालू होते, म्हणून मळ्यातून न जाता मी बावखलाच्या, म्हणजे आमच्या वाडीतल्या तळ्याच्या, काठाने मागून विहिरीकडे निघाले. त्या वाटेने पंपाच्या खोलीची मागची खिडकी लागते. घरातले पुरुष मळ्यातून येतात, त्यांना ती दिसतच नाही. खिडकीला वर्तमानपत्र चिकटवलं होतं, त्याचा एक कोपरा सुटला होता. आत जमिनीवर लोखंडी नळ्यांचे तुकडे, वायरींची भेंडोळी, चार-पाच उघडलेली घड्याळं. एवढ्या उकाड्यात तिघांच्याही हातांत रबरी मोजे. दादाची पाठ माझ्याकडे होती.

मी मागे सरकले तशी वाळकी झावळी मोडली. तो बाहेर आला.

"तू इथे काय करतेस?"

त्याने माझ्याकडे बघितलं, मग तळ्याच्या वाटेकडे, आणि त्याला समजलं.

"अच्छा. सांगणार आहेस बाबांना? सांग. कुठून बघितलंस, ते पण सांगावं लागेल."

तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. त्याने माझ्या डोक्यावर हळूच टपली मारली आणि आत गेला.

काकांसमोर जाऊन मी त्या वाटेने का गेले होते, हे सांगायचं? तो शब्द आमच्या घरात पुरुषांपुढे कोणी उच्चारलेला नाही. मी आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती. "पंप दुरुस्त करत असतील. आणि तू तिकडे कशाला डोकावतेस?" रोज ठरवायचे, आज काकांना सांगू. असे अकरा दिवस गेले.

बाराव्या दिवशी सकाळी पोलीस आले ते माझं नाव विचारत. दादा आणि मित्र चार दिवसांपासून घरी नव्हते. साहेबांनी एक नंबर वाचून दाखवला. ते माझ्या नावावरचं सिम होतं. तीन दिवसांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात एका बाजारात स्फोट झाला होता, फुलं विकणाऱ्या एका बाईचा हात गेला होता. त्या बाजारातून या नंबरवरून फोन झाले होते. असे गट आणखी गावांत आहेत, साहेब म्हणाले, एकमेकांची नावंसुद्धा त्यांना माहीत नसतात. दादाला पहाटे पकडलं होतं. त्याने तोंड उघडलं नव्हतं आणि खोली रिकामी होती.

जबाब ओटीवर घ्यायचं ठरलं. खुर्च्या मांडताना काका माझ्या कानाशी आले. "पोरी, खोलीला कायम कुलूप होतं, एवढंच बोल. तो सुटंल."

महिला पोलिसाने कागद घेतला. साहेबांनी विचारलं, "त्या खोलीत काही बघितलंस?"

"हो."

"केव्हा?"

मी तारीख सांगितली.

"मळ्यात तर तुम्ही बायका सारख्या जात नाही म्हणे. मग कसं दिसलं?"

"मला पाळी आली होती," मी म्हणाले. "म्हणून मी मागून गेले." मग खिडकी, नळ्या, घड्याळं, हातमोजे, दादा काय बोलला ते, सगळं सांगितलं. आवाज माझाच होता, पण मोठा येत होता. आईने दाराआड तोंडाला पदर लावला.

काका बोटांवर मोजत होते. मोजून झाल्यावर त्यांनी विचारलं, "अकरा दिवस? बाजारातलं ते कवा झालं?"

"हिने बघितल्यापासून नवव्या दिवशी," साहेब म्हणाले.

"मला सांगायचं होतंस गं," काका म्हणाले. "पाय मोडून घरात बसवला असता त्याला मी."

त्यांनी खरंच तसं केलं असतं का, मला माहीत नाही. महिला पोलिसाने जबाब मोठ्याने वाचून दाखवला. "पाळी" या शब्दाशी ती अडखळली आणि "घरगुती कारणामुळे" असं वाचून गेली. मी तिला थांबवलं, आहे तोच शब्द वाचायला लावला, आणि काकांच्या समोर सही केली.